भंगार धातूची खरेदी लिहून ठेवताना या चुका टाळा

भंगाराच्या धंद्यात सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे 'संध्याकाळी निवांत लिहू'. माल काट्यावर, विकणारा समोर आणि गाडी दारात असताना जे लिहिलं जातं, चौकशीत तेच कामी येतं. आठवून भरलेलं रजिस्टर पानावरच कळतं: एकच पेन, एकसारखं अक्षर, आणि प्रत्येक वजन पाचावर नाहीतर शून्यावर संपणारं.

दुसरी चूक वर्णनाची. 'तांबं, 14 किलो' एवढ्यावर भागत नाही. असं लिहा: 'तांब्याची तार, आवरण जाळलेली, काळपट, तीन गुंडाळ्या, 14.200 किलो, सकाळी 11.20'. पुढे विकणाऱ्याचं नाव, पत्ता, कोणतं ओळखपत्र पाहिलं ते, गाडीचा पूर्ण नंबर आणि सही. काट्यावरच्या मालाचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याला पावतीचा नंबर द्या. माल कुठून आला हेही विचारून लिहा, जळक्या तारेच्या बाबतीत तर नक्कीच; कंपनीची खूण पुसण्यासाठीही केबल जाळली जाते. उत्तर पटत नसेल तर माल परत पाठवा. तेवढ्या नफ्यासाठी रात्रीची झोप घालवू नये.

कारण कायदा 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे माल चोरीचा असल्याचं समजायला कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला, तरी गुन्हा होतो. रेल्वेच्या मालाचं आणखी कडक आहे. रुळाचे तुकडे, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), पँड्रोल क्लिप (रूळ स्लीपरला पकडून ठेवणारी क्लिप) असा संशयास्पद माल गोदामात सापडला, तर रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, 1966 नुसार तो रीतसर आल्याचं गोदामवाल्यालाच सिद्ध करावं लागतं. त्या वेळी हातात रजिस्टरशिवाय काहीच नसतं.

आता जीएसटी. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणीकृत व्यापाऱ्यानं धातूचं भंगार घेतलं, तर कर रिव्हर्स चार्जनं घेणाऱ्यानंच भरायचा. फेरीवाला बिल देत नाही, म्हणून बिलच नको, असं धरून अनेकजण बसतात. बिल तुम्ही स्वतःच स्वतःच्या नावानं बनवायचं, माल आल्यापासून 30 दिवसांच्या आत. हा कर इनपुट क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट) वळता करता येत नाही, रोखच भरावा लागतो. क्रेडिट त्यानंतर मिळतं. महिनाअखेरीला फेरीवाल्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा, गोंधळ तिथेच मिटतो.

रोख पैसे देताना एक पळवाट फार चालते: एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर द्यायचे असले की दोन चिठ्ठ्या फाडायच्या. त्यानं काही साधत नाही. आयकरात त्या दिवसाची बेरीज धरली जाते आणि तो खर्च नाकारला जाऊ शकतो. सरळ बँकेतून द्या.

वजनचिठ्ठीबद्दल मुद्दाम सांगतो. काट्याची छापील पावती बहुतेक थर्मल कागदाची असते. उन्हाजवळच्या फाईलमध्ये ती काही महिन्यांत कोरी पडते. अशा कोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मी पाहिले आहेत. माणसानं इमानदारीनं जपलेले, पण वाचता येईल असं एक अक्षर नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवायच्या असतात. म्हणून पावती आली त्याच दिवशी झेरॉक्स किंवा स्कॅन करा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही लिहा, नुसतं निव्वळ नको.

नोंद चुकलीच, तर व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. आडवी एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. मागच्या नोंदी राहिल्या असतील तर त्या जुन्या तारखांमध्ये घुसवू नका. आजच्या तारखेला लिहा, कशावरून भरल्या तेही लिहा, आणि ती चिठ्ठी तिथेच टाचून ठेवा.