जबाबावर सही करण्याआधी

मी जत तालुक्यात आशा सेविका आहे. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला कराडकडं जातात. गेल्या हंगामात तशीच गेलेली एक पोरगी फडावरून एकटीच परत आली आणि माझ्या उंबऱ्यावर बसून राहिली. बलात्कार झाला होता.

आधी आमच्या जवळच्या ठाण्यात गेलो. "घटना आमच्या हद्दीतली नाही, तिकडं जा." असं कुणी म्हटलं तर तिथून हलू नका. गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यानं फिर्याद घ्यायचीच. हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची अशी नोंद म्हणजे झिरो एफआयआर. ती करून ते घटनेच्या हद्दीतल्या ठाण्याकडं पाठवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. अशा गुन्ह्यात फिर्याद महिला अधिकारीच लिहून घेते, प्रत मोफत मिळते. तरीही नोंदवली नाही तर तो त्या पोलिसाचाच गुन्हा होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिहिलेलं वाचून दाखवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. पोरगी थकलेली, अंगठ्याला शाई लागलेली. मी म्हटलं, आधी वाचा. ती म्हणाली होती, "हाताला धरून फडात ओढलं." कागदावर होतं, "ओळखीचा असल्याने सोबत गेली." एवढ्या एका ओळीवर उलटतपासणीत वकिलानं तिला फाडून खाल्लं असतं. ओळ बदलून घेतली, मगच अंगठा.

दवाखान्यात पोलिसांच्या चिठ्ठीसाठी थांबू नका, थेट जा. सरकारी असो वा खासगी, उपचार फुकट. गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्हीसाठीची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. आंघोळ झाली असली तरी तपासणी करून घ्या. कपडे धुवू नका. प्लास्टिकात ओलं कापड कुजतं, म्हणून तिचा परकर मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे. कुणी करू लागलं तर ठाम नाही म्हणा.

पुढं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो, शक्यतो महिला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. खटला बंद दालनात चालतो. पीडितेचं नाव छापणं, व्हॉट्सॲपवर फिरवणं हाही गुन्हा. भावकीतल्या माणसांना हे मी स्वतः जाऊन सांगितलं. मोफत वकील आणि पीडितांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेची मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते. विधी सेवेचा देशभराचा नंबर १५१००.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ती एकटीच आत गेली. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, ओढलं म्हणूनच सांगितलं."