जुनी होंडा सिटी पाळताय? मग निदान या चुका तरी करू नका

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो. "अरे तुझ्याकडे ती जुनी सिटी आहे ना, मी पण घेतली एक, एकदम मस्त मिळाली." आणि पुढचं वाक्य मला आता पाठ झालंय. "फक्त एक छोटासा प्रॉब्लेम आहे."

सिटी म्हणजे पहिली, १९९८ ला भारतात आलेली, चौकोनी नाकाची, आणि मग २००० नंतरची टाइप झेड. २००३ ला ती बंद झाली, म्हणजे शेवटची गाडीसुद्धा आता वीस वर्षांच्या पुढे गेली. १०६ बीएचपीच्या ताकदवान व्हीटेक इंजिनाची सगळ्यांना हवी असते, माझी साधी १.३ लिटरची आहे आणि मी सुखी आहे. या गाडीबद्दल एकच गोष्ट कळायला मला चार वर्षं लागली, ती म्हणजे हिच्यात आपण जे रिपेअर करतो ते बहुतेक वेळा आधीच्या कोणीतरी केलेलं रिपेअरच असतं. मूळ इंजिन दणकट आहे, पण वीस वर्षांत हिच्यावर पंधरा जणांचे हात फिरलेत आणि प्रत्येकाने काहीतरी काढून ठेवलंय, काहीतरी डायरेक्ट केलंय, म्हणजे स्विच वगळून थेट जोडलंय. त्यामुळे गाडी आणली की आधी नवीन सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नाही, आधी बघायचं की काय गायब आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह. तो काढणं ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी माझी गाडी २०१४ साली सांगलीहून एका रिटायर्ड गृहस्थांकडून घेतली. टेंपरेचरचा काटा तळाला चिकटलेला, आणि काका अभिमानाने सांगत होते, "बघा, कधी गरमच होत नाही." मी पण खूश. नंतर अ‍ॅव्हरेज काढलं तर नऊ. सकाळी सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास. महिनाभर प्लग बदल, एअर फिल्टर बदल, इंजेक्टर क्लीनिंग कर, सगळं झालं आणि मग एकदा वैतागून थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तर आत नुसतं रबर, वॉल्व्हचा पत्ताच नाही. रेडिएटरमध्ये कूलंट नव्हतंच, टपरीवरच्या चहाच्या रंगाचं पाणी होतं.

हे आपल्याकडे अजून सर्रास चालतं. अँबेसेडर-फियाटच्या काळात वॉल्व्ह अडकला की काढून फेकायचा आणि गाडी चालवायची, कार्ब्युरेटरला त्याचं फार काही वाटायचं नाही. पण ही इंजेक्शनची गाडी आहे. थर्मोस्टॅट साधारण ७८ डिग्रीला उघडायला लागतो आणि ९० ला पूर्ण उघडतो, तो नसला की इंजिन तापतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून थंड आहे आणि तो पेट्रोल ओततच राहतो. ऑइल पण नीट तापत नाही त्यामुळे त्यातला ओलावा उडत नाही. आणि खरा घोटाळा म्हणजे रेडिएटर अर्धा चोक झालेला असेल तर वॉल्व्ह काढल्याने ते लपून जातं. म्हणजे काकांची गाडी गरम होत नव्हती कारण ती आजारी आहे हे कळायची सोयच काढून टाकली होती.

आता माझा शहाणपणा ऐका. शुक्रवारी संध्याकाळी नवीन थर्मोस्टॅट मी स्वतः बसवला, कूलंट वरून ओतलं, काठोकाठ भरल्यासारखं दिसलं, झाकण लावलं. शनिवारी सकाळी लेव्हल न बघता आई, बायको आणि पोरगी यांना घेऊन चिपळूणला. जाताना उतार, काही कळलं नाही. रविवारी परत येताना कुंभार्ली घाट, एसी चालू, आणि अर्ध्या चढावर आई म्हणाली, "काहीतरी गोडसर वास येतोय, कोणी पाक करतंय का?" मी म्हटलं, खालच्या गावातून येत असेल. कूलंट गोडसर वासाचं असतं हे मला माहीत होतं हो, पण तेव्हा डोक्यात आलं नाही. काटा अर्ध्याच्या वर गेला, मी एसी बंद केला, आणि दोन मिनिटांत काटा झपकन खाली आला. मी निश्चिंत. तिथेच फसलो, कारण कूलंट इतकं कमी झालं होतं की सेन्सर कोरडा पडला होता, आणि कोरडा सेन्सर बिचारा थंडच दाखवतो. पुढच्या वळणावर पॉवर गेली आणि बॉनेटमधून वाफ.

चहाच्या टपरीवरचा एक उत्साही माणूस फडकं घेऊन झाकण उघडायलाच धावला, त्याला मी अक्षरशः हाताला धरून ओढला. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे वेगळं लिहायची गरज पडू नये पण पडते.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं होतं. फेसिंग, गॅस्केट, वॉल्व्ह सील, सगळं मिळून बावीस हजार आणि नऊ दिवस. कारण काय, तर आत हवा राहिली होती, आणि ती काढायला लागणारा पाऊण तास मला शुक्रवारी नको होता.

आता मी असं करतो: गाडीचं नाक चढाकडे, हीटर फुल गरमवर, थर्मोस्टॅटजवळचा हवा काढायचा ब्लीड बोल्ट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हळूहळू भरायचं, पाण्याची बाटली कापून फनेल करतो. मग बोल्ट आवळून झाकण उघडंच ठेवून गाडी चालू, रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत उभं राहायचं. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर हवा अजून आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत परत लेव्हल. आणि पाणी बोअरचं नाही, सोलापूरकडच्या बोअरचं तर अजिबातच नाही, बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या, कूलंटमध्ये अर्धंअर्धं. फॅन डायरेक्ट केलेला असेल तर तोही परत स्विचवर आणा.

पार्ट बदलून बघू

उन्हात उभी केलेली गाडी, पेट्रोल भरून निघालात, स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने काही न करता चालू होते. मग लोक काय करतात, बॅटरी बदलतात, मग पेट्रोल पंप बदलतात, मग प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर बदलतात. माझ्या ओळखीतल्या एकाने तिन्ही बदलले, साधारण पंधरा हजार गेले, गाडी तशीच रुसलेली.

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं आवाज यायला पाहिजे, तो पंपाचा. बंद पडलेली असताना तो आवाज येत नसेल तर आधी डॅशबोर्डखालचा, पंपाला करंट देणारा मेन रिले बघा. त्या काळातल्या होंडांमध्ये वय झालं की रिलेच्या आतल्या सोल्डरला केसासारखी भेग पडते, तापलं की कॉन्टॅक्ट सुटतो, गार झालं की परत जुळतो. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेऊन टाके नव्याने मारून घ्या, चहापाण्याचा खर्च. आवाज येतोय पण प्लगला करंट नाही, तर मग डिस्ट्रिब्युटर, कारण कॉइल आणि इग्नायटर दोन्ही त्याच्याच पोटात आहेत. ऐकायचं आधी, बदलायचं नंतर. पण ऐकायला गाडी बंद पडलेली असतानाच जागेवर थांबावं लागतं, आणि लोकांना तेवढ्यात टो करून गॅरेजला न्यायची घाई असते.

टॅपेट गप्प करणे

"टॅपेटचा आवाज येतोय, टाइट करून द्या." नका हो. या इंजिनाला थोडी टिकटिक असणारच. वॉल्व्हजवळ थोडी फट ठेवावीच लागते: इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, आणि इंजिन थंड असताना. कानाने अ‍ॅडजस्ट करणारा मेकॅनिक आवाज बंद होईपर्यंत पिळतो, गाडी शिवणयंत्रासारखी गोड चालते, आणि काही महिन्यांनी एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो कारण तो पूर्ण बसतच नाही. आवाज करणारा टॅपेट बरा, गप्प बसलेला वाईट. थंड म्हणजे होंडाच्या हिशोबाने ३८ डिग्रीच्या खाली, म्हणजे नागपूर-अकोल्याच्या मंडळींनी मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावं.

टाइमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्हचा मेळ ठेवणारा पट्टा. पुढच्या पिढीच्या सिटीला चेन आहे, त्यामुळे तिशीच्या आतल्या मेकॅनिकला बेल्टचा प्रश्न सुचतच नाही. तुमच्या गाडीला बेल्ट आहे, आणि तुटला तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतो. आधीचा मालक म्हणतो "बदललाय", बिल आहे का? नाही? मग बदललेला नाही. मी लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं धरतो, आणि त्याच वेळी वॉटर पंप, टेन्शनर, ऑइल सील, कारण मजुरी तीच. आणि एक, हे इंजिन उलटं फिरतं, पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. सवयीने सरळ फिरवून टेन्शन सेट केलं की बेल्ट सैल राहतो. काम चालू असताना शेजारी उभे राहा. मेकॅनिक चिडेल, चिडू दे.

गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं ऑइल घालू नका. "जाड ऑइल म्हणजे चांगलं" हे ट्रकचं गणित आहे. होंडाचं स्वतःचं गिअर ऑइल घ्या, नाही मिळालं तर १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालतं. सकाळी पहिला-दुसरा जड पडतोय म्हणून क्लच प्लेट बदलायला निघालेल्या एकाचं फक्त ऑइल बदलून काम झालं होतं.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, आणि तुमचे जुने रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. बोटाने दाबून बघा, चिकट किंवा फुगलेले लागले तर सगळे एकदम बदला, क्लॅम्पसकट. यात पैसे वाचवायचे नाहीत, ते गळतात कुठे तर गरम इंजिनावर.

गंजावर काळं रबर कोटिंग मारू नका. आत पाणी अडकतं आणि पत्रा आतून खातो, वरून मात्र गाडी नवीकोरी. पावसाळ्याआधी वायपरखालचा पाला काढा आणि दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, निम्म्या गाड्यांचा ओल्या कार्पेटचा प्रश्न तिथेच मिटतो.

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका, तारीख बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो.

गाडी "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं जागेवर चालू करून ठेवतो" म्हणणाऱ्यांनी ते बंद करावं. एकतर वीस किलोमीटर हिंडवा, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा.

पार्टसाठी मी अजून पुण्यात नाना पेठेत स्वतः जातो, जुना पार्ट पिशवीत घेऊन. फोनवर "मिळेल सर" म्हणतात आणि येतं भलतंच. काढलेला जुना पार्ट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, पुढच्या वेळी सॅम्पल म्हणून तोच लागतो.

कागदपत्रांचं काय, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू, मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, आणि पर्यावरण कर वेगळा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीची रिन्यूअल फीच दहा हजार झालीय, त्यामुळे मुदत संपल्यावर "बघू नंतर" परवडत नाही. पासिंगच्या आदल्या दिवशी हेडलाइट, हॉर्न, वायपर आणि हँडब्रेक बघून घ्या. मी इंजिन चकाचक धुऊन नेलं होतं आणि हँडब्रेकवरून परत आलो.