टेकडीवर सालई लावताना या चुका टाळा

पुण्यातील वेताळ टेकडी किंवा तळजाईसारख्या उघड्या, खडकाळ उतारांवर लावण्याजोग्या देशी झाडांत मी धुपाचा डिंक देणाऱ्या सालईला पहिले स्थान देईन. बेसाल्टच्या भेगांतील जेमतेम मातीत ती तग धरते, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि मोठे झाड वणव्याची झळही बऱ्यापैकी सोसते. तरीही लावलेली सालई मरते, आणि त्याचे कारण बहुधा अतिकाळजी हे असते.

सर्वांत घातक चूक पाण्याची. कातळात खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत आणि माती भरली, की पावसाळ्यात त्याचा हौद होतो, पाण्याला वाट मिळत नाही आणि मुळे कुजू लागतात. भर पावसात पाने पिवळी पडली किंवा बुंधा जमिनीलगत मऊ लागला, तर खत मुळीच घालू नये. उताराच्या बाजूने चर काढून साचलेले पाणी आधी बाहेर काढावे. मुळात जागा निवडतानाच सपाट खोलगे टाळून फुटक्या मुरुमाचा उतार शोधला, तर ही वेळ येत नाही.

दुसरी चूक मला अधिक दुःखद वाटते, कारण तीत जिवंत झाड जाते. हिवाळा सरताना सालईची पाने गळतात आणि पुढे उन्हाळ्यात ती निष्पर्णच असते. मोठ्या झाडावर याच काळात फांद्यांच्या टोकांना लहान, पांढऱ्या, सुवासिक फुलांचे घोस येतात. अशा वेळी रोप वाळले असे समजून ते उपटू नये अथवा रोज पाणी घालून जागे करू पाहू नये. कोवळी फांदी नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा ओलावा दिसला, तर पावसापर्यंत धीर धरावा.

गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) दाट सावलीतही सालई लावू नये, कारण तिला भरपूर ऊन लागते.

बियांची उगवण बेभरवशाची असल्याने फांदीपासून लागवड करणे सोयीचे ठरते, मात्र पालवी फुटल्यानंतर तोडलेली कोवळी काडी सहसा जगत नाही. झाड निष्पर्ण असतानाच, पावसाळ्यापूर्वी, मनगटाएवढी जाड फांदी घ्यावी, तिचे कापलेले टोक काही दिवस सावलीत सुकू द्यावे आणि मगच ती रोवावी. फांदी मात्र खासगी जागेतील झाडाची, मालकाला विचारूनच घ्यावी. टेकडीवरच्या वनजमिनीतील झाडांना कोयता लावू नये, धुपासाठी त्यांच्या सालीवर घावही घालू नयेत.