प्लँचेटपासून प्रयोगशाळेपर्यंत: तीन जुने प्रयोग स्वतः कसे करून पाहावेत

प्रायोगिक मानसशास्त्राचा इतिहास शिकवताना १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली, एवढे सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे. त्याच वर्षी वुंट यांनी मृतांच्या आत्म्यांशी संपर्क साधता येतो असे मानणाऱ्या परलोकविद्येवर कठोर टीका करणारे खुले पत्र तत्त्वज्ञ हेर्मान उल्रिची यांना उद्देशून प्रसिद्ध केले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १८७७ च्या अखेरीस हेन्री स्लेड हा अमेरिकी ‘माध्यम’, म्हणजे आपल्यामार्फत आत्मे बोलतात असे सांगणारा माणूस, लाइपझिगला आला होता. खगोलभौतिकीचे प्राध्यापक त्सोल्नर यांनी त्याच्या बैठका भरवल्या आणि संवेदनांचे मोजमाप करणाऱ्या मनोभौतिकीचा पाया घालणारे फेखनर, भौतिकशास्त्रज्ञ वेबर, तसेच एका बैठकीला स्वतः वुंटही तेथे उपस्थित राहिले. ज्या गावात मनाचे मोजमाप सुरू झाले, त्याच गावात बंद पाटीवर आत्मे अक्षरे उमटवतात की नाही, याचाही वाद रंगला होता.

प्रयोगातील व्यक्तीपासून माहिती लपवणे, क्रम दैवावर सोपवणे आणि साक्षीदाराच्या स्मरणावर विसंबून न राहणे या सवयी मानसशास्त्राला लागल्या, त्यात अशा वादांचाही वाटा आहे, आणि तो वाचून कळण्यापेक्षा करून लवकर कळतो. नागपुरात तर हा विषय जुना झालेलाच नाही. वसतिगृहांत अजून प्लँचेटच्या गोष्टी चालतात आणि काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअरवेलची जागा दाखवायला पाणाडी बोलावला जातो.

सुरुवात लंबकापासून करावी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी पाऱ्यावर धरलेला लंबक आपोआप हलतो, या समजुतीची तपासणी केली आणि तिचा वृत्तांत १८३३ मध्ये आंपेर यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपाने छापला. पारा विषारी असल्यामुळे आपण पाण्याची वाटी घ्यावी. वीतभर लांब दोऱ्याला लोखंडी वायसर बांधावा, दोरा चिमटीत धरून तो वाटीवर स्थिर ठेवण्यास सांगावे आणि पाण्यावर लंबक हलू लागतो व मध्ये काच सरकवली की थांबतो, अशी कल्पना आधी द्यावी. पुष्कळांच्या हातात तो खरोखरच तसा वागतो. यानंतर त्याच व्यक्तीच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी. काच ठेवायची की नाही, हे नाणे उडवून आधीच कागदावर लिहून ठेवावे, काच सरकवणाऱ्याने एक शब्दही बोलू नये आणि लंबकाची नोंद करणारी तिसरी व्यक्ती अशा जागी बसवावी की तिला लंबक दिसेल, पण काच व वाटी दिसणार नाहीत. शेव्रल यांच्या डोळ्यांवर पट्टी असताना काचेचा परिणाम नाहीसा झाला होता. हात खांद्यापासून बोटांपर्यंत टप्प्याटप्प्याने टेकवत गेल्यास हालचाल कमी होत जाते, हेही त्यांनी पाहिले होते, तेव्हा ही जोड चुकवू नये.

मार्च ते जून या महिन्यांत मात्र हा प्रयोग ठरवू नये. कूलर चालू असेल तर लंबक वाऱ्याने हलतो आणि बंद केला तर माणसे थांबत नाहीत. डिसेंबर-जानेवारीतील सकाळ, पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या, ही योग्य वेळ होय.

दोरा धरणारा फसवतो आहे, असे कोणीही सुचवू नये, कारण तो फसवत नसतो. अपेक्षित हालचालीची कल्पनाच स्नायूंना नकळत हलवते, ही गोष्ट इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात मांडली.

दुसरा प्रयोग मायकेल फॅरडे यांचा, १८५३ चा, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत देखणा. त्या काळी टेबलाभोवती हात टेकवून बसल्यावर टेबल फिरू लागते, याचे वेड इंग्लंडभर पसरले होते. टेबल हातांना ओढते की हात टेबलाला, एवढाच प्रश्न फॅरडे यांनी विचारला. पुठ्ठ्याचे चार-पाच तुकडे एकावर एक ठेवावेत, प्रत्येक दोहोंमध्ये मऊ मेणाच्या लहान गोळ्या दाबाव्यात आणि सर्वांत खालचा तुकडा हलक्या टेबलावर घट्ट बसवावा. वरचा तुकडा जरा मोठा असावा, म्हणजे खालचे दिसणार नाहीत. तुकड्यांच्या मूळ जागा पेन्सिलने आखून घ्याव्यात. टेबल फिरेल अशी प्रामाणिक खात्री असलेली माणसे निवडून त्यांना हात नुसते टेकवून बसू द्यावे. टेबल स्वतः फिरत असेल, तर खालचे तुकडे पुढे आणि वरचे मागे राहायला हवेत. फॅरडे यांना उलट आढळले. वरचा तुकडा सर्वांत जास्त सरकलेला होता. मग त्यांनी हातांचा बाजूचा दाब दाखवणारी गवताच्या काडीची तरफ बसवली. बसणाऱ्याला ती दिसत असताना टेबल हलेना, आणि तिच्यापुढे आडोसा धरला की ती हळूहळू कलू लागली. मधल्या वेळात कोणी कोणाला खोटे पाडले नाही, याकडे शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे लक्ष आवर्जून वेधावे.

तिसरा प्रयोग पाहणाऱ्यांवर करायचा असतो. एस. जे. डेव्ही यांनी स्वतः हातचलाखीने पाटीलेखनाच्या, म्हणजे बंद पाटीवर आपोआप अक्षरे उमटल्याचे दाखवणाऱ्या, बैठका घेतल्या, आलेल्या लोकांकडून वृत्तांत लिहून घेतले आणि परलोकविद्येच्या दाव्यांचे संशोधक रिचर्ड हॉजसन यांच्यासह ते १८८७ मध्ये छापले. लोकांनी निर्णायक क्षण गाळले होते, घटनांचा क्रम बदलला होता आणि पाटी आपल्या नजरेआड कधीच गेली नाही, असेही बिनधास्त लिहिले होते. आपल्याकडे महाविद्यालयाच्या वर्गात जादूचे प्रयोग जाणणारा एखादा विद्यार्थी पुरेसा आहे. त्याला पाटी-पेन्सिलीचा किंवा चिठ्ठीचा एक छोटा खेळ करू द्यावा, मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि प्रत्येकाकडून वृत्तांत दुसऱ्या दिवशी, एकमेकांशी बोलू न देता, लिहून घ्यावा. वृत्तांत गोळा झाल्यावर खेळ कसा केला ते उघड करावे. चित्रीकरण शेजारी ठेवून काय चुकले यापेक्षा काय गाळले गेले, याची यादी करावी, कारण हातचलाखी बहुधा त्या गाळलेल्या जागीच झालेली असते.

यानंतर कोणाला पाणाडीची परीक्षा घेण्याचा उत्साह आला, तर यश कशाला म्हणायचे, किती वेळा पाहायचे आणि कोणत्या अटींवर, हे त्याच्याशी आदराने बोलून, त्याच्या संमतीने आधीच कागदावर उतरवावे. त्सोल्नर यांनी हे केले नव्हते. लाकडाच्या दोन अखंड कड्या एकमेकींत गुंफून दाखवाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. कड्या गुंफल्या गेल्या नाहीत, त्या एका छोट्या टेबलाच्या खांबाभोवती आढळल्या, आणि त्सोल्नर यांनी तेही, आत्मे लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या चौथ्या मितीतून काम करतात या आपल्या कल्पनेच्या बाजूचा पुरावा म्हणून जमेस धरले.