मिलानच्या ट्रिएनालेचा इतिहास भिंतीवर कसा मांडायचा (नाशिकच्या आर्ट-डिझाइनवाल्यांसाठी)

डिझाइन नाहीतर इंटिरियरला असाल तर कधी ना कधी ट्रिएनालेवर, म्हणजे इटलीतल्या मिलानच्या दर तीन वर्षांनी भरणाऱ्या डिझाइन-वास्तुकलेच्या प्रदर्शनावर, चार्ट करायची वेळ येतेच, आणि मग सगळे एकच करतात, पोस्टर डाउनलोड करायची, ओळीने चिकटवायची, खाली साल टाकायचं, झालं. दिसायला भारी दिसतं पण कळत काहीच नाही, कारण माझ्या मते या प्रदर्शनाची खरी गोष्ट ते ज्या वर्षांत भरलंच नाही तिथे आहे. म्हणून चार्ट मोजून करा.

मेन रोडला किंवा कॉलेज रोडला जिथे ड्रॉइंगचं सामान घेता तिथून पाच फुल इम्पीरियल (साधारण ७६ सेंमी लांब) कार्ट्रिज शीट आणा. एका वर्षाला ३ सेंमी धरायचे, १९२३ ते २०२५ म्हणजे १०२ वर्षं, झाले ३०६ सेंमी. चार शीटमध्ये हे थोडक्यासाठी बसत नाही आणि जोडाला, मार्जिनला जागा लागते ती वेगळीच.

आता खुणा. सुरुवात मिलानला झालेलीच नाही, शेजारच्या मोन्झाला झाली, व्हिला रेआले या राजवाड्यात, १९२३, १९२५, १९२७ अशी दर दोन वर्षांनी, मग १९३० पासून तीन वर्षांचं गणित धरलं. १९३३ ला मिलानमध्ये आली तेव्हा नंबर पाचवा होता, म्हणजे मोन्झाचे चार धरूनच मोजणी आहे, हे माहीत नसेल तर पुढचे सगळे रोमन आकडे चुकतात. मिलानची इमारत वास्तुकार जोव्हान्नी मुझिओची, पालाझ्झो देल'आर्ते, सेम्पिओने पार्कमध्ये, पैसा बेर्नोक्की या कापडवाल्या उद्योगपतीच्या घराण्याचा. मुसोलिनीचा काळ होता हे तिथेच लिहा, नुसता देखणा फोटो लावून पुढे जाऊ नका.

१९३६, मग १९४०, आणि तिथे युद्धाने गाडी अडली. पुढची खूण थेट १९४७, म्हणजे २१ सेंमी कोरा कागद. तो कोराच ठेवा, भरायला चित्रं शोधू नका. १९४७ चं प्रदर्शन मला सगळ्यात आवडतं, कारण लोकांना राहायला घरं नव्हती म्हणून वास्तुकार पिएरो बोत्तोनीच्या पुढाकाराने त्यांनी क्यूटी८ नावाची अख्खी वसाहतच प्रयोग म्हणून उभारायला घेतली, आणि तिथली टेकडी पडलेल्या शहराच्या ढिगाऱ्यातून झालीये. १९५१ ला जिन्यावर लुचिओ फोन्ताना या कलाकाराची निऑनची वेटोळी, हा फोटो मात्र मोठा लावा.

१९६८ ला अर्धी शीट तरी द्या. विषय होता मोठी संख्या, म्हणजे गर्दीचा समाज, जबाबदारी वास्तुकार जानकार्लो दे कार्लोची, आणि ३० मेला उद्घाटनाच्याच दिवशी विद्यार्थी आणि कलाकार आत घुसले, ताबा घेतला, मोडतोड केली. हिरोशिमावरचं जपानी वास्तुकार आराता इसोझाकीचं कामसुद्धा तिथेच होतं. गंमत म्हणजे दिल्लीत ललित कला अकादमीची पहिली त्रैवार्षिकीही १९६८ चीच, त्यामुळे खाली भारताची एक बारीक पट्टी ओढा: १९५८ चा ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याचा भारतातल्या डिझाइन शिक्षणावरचा इंडिया रिपोर्ट, १९६१ ला अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), १९६८ दिल्ली, २०१२ कोचीची बिएनाले (दर दोन वर्षांचं कलाप्रदर्शन). एवढं पुरे, जास्त भरलं की मूळ चार्ट दबतो.

१९७३ पटकन. त्यानंतरची दोन प्रदर्शनं टिंबाने दाखवू नका, पट्टीने दाखवा, सोळावं १९७९ ते ८२ आणि सतरावं १९८३ ते ८८ असं लांबत गेलेलं. मग १९९२, १९९६, आणि पुढे चक्क ६० सेंमी काही नाही, थेट २०१६. आपला सिंहस्थ गुरूच्या राशीवर ठरतो, ट्रिएनालेचं वेळापत्रक पैसा, युद्ध आणि राजकारण ठरवतं. पण इमारत बंद होती असं समजू नका, २००७ ला तिथेच डिझाइन म्युझियम सुरू झालं, त्या ६० सेंमीत ही एकच खूण येते. २०१९ क्युरेटर पाओला आन्तोनेल्लीचं निसर्गावरचं, २०२२ अज्ञातावरचं, २०२५ विषमतेवरचं, तीन तीन वर्षांनी परत रुळावर.

दोन गोष्टींची सरमिसळ हमखास होते: सालोने देल मोबिले हा १९६१ पासूनचा फर्निचरचा व्यापारी मेळा, आणि व्हेनिसची बिएनाले हे कलाप्रदर्शन १८९५ पासूनचं, दोन्ही वेगळ्या. परीक्षक नेमकं हेच विचारतात बरं का.

मजकूर दोन मीटरवरून वाचता यायला हवा, त्यामुळे सालं मार्करने जाड आणि बाकीचं दोन ओळींत. पावसाळ्यात लावणार असाल तर कार्ट्रिज शीट आपल्याकडच्या दमट हवेत कडेने वळते, आधी सनबोर्डवर चिकटवा, फेव्हिकॉल पातळ करून, आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.