गणपतीतल्या नाटकात हात लावायचाय? मग प्रॉपर्टी सांभाळा

इंदूरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडे राहत असाल तर ओळखीतलं कोणी ना कोणी नाटकात असतंच, त्यांना सरळ फोन करा, मला अ‍ॅक्टिंग येत नाही पण रोज तासभर येईन म्हणा, कोणी नाही म्हणत नाही. हौशी नाटक तसं साधं काम नाही हं, महाराष्ट्र सरकारची हौशी नाट्यस्पर्धा कित्येक वर्षं चालू आहे.

पहिल्यांदा प्रॉपर्टी मागा, म्हणजे कप, चष्मा, पत्र, काठी असलं सगळं सामान. प्रवेशवार यादी करा, विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूला पडद्याआड, एक टेबल लावा, त्यावर पांढरा कागद चिकटवून प्रत्येक वस्तूची जागा पेननं आखा, जागा रिकामी दिसली की लगेच कळतं काय राहिलंय. आमचं एकदा पत्रच घरी राहिलं होतं, काकूंनी पर्समधली किराण्याची यादी घडी करून दिली आणि पत्र वाचणाऱ्या नटानं ती इतकी मन लावून वाचली की पुढच्या रांगेतल्या आजी रडल्या!

प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून हळूच विसरलेला संवाद सांगणं, मात्र तालमींना रोज येणाऱ्यानंच करावं, कुठला पॉज मुद्दाम घेतलाय ते त्यालाच माहीत असतं. आणि प्रेक्षकांत असाल तेव्हा तिसऱ्या घंटेआधी बसा, मोबाइल बंद ठेवा, नंतर विंगेत जाऊन लाईटवाल्या पोरालाही छान झालं म्हणा.