बायोस्टॅटला जाताय? मग या चुका टाळा

दरवर्षी बीएस्सीचे निकाल लागले की सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या दारात दोन-तीन जोड चपला जास्त दिसतात. पोरं येतात, चहा घेतात आणि हळूच विचारतात, "सर, बायोस्टॅटिस्टिक्सला, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या संख्याशास्त्राला, गणित कमी असतं ना?"

नसतं. संभाव्यता, मॅट्रिक्स, कॅल्क्युलस सुरुवातीलाच अंगावर येतात आणि बऱ्याच ठिकाणी पदवीला संख्याशास्त्र किंवा गणित नसेल तर अर्जच चालत नाही. नुसता 'बायो' शब्द बघून मायक्रोबायोलॉजीतून उडी मारायला निघालेल्यांना मी इंटिग्रेशनची शंभर गणितं वहीत, हाताने करून आणायला सांगतो. पंधरा दिवसांत जो फोन उचलायचा बंद होतो, त्याची दोन वर्षं वाचली असं मी समजतो. पोषणाच्या प्रश्नांवर संख्याशास्त्र चालवणारे पां. वा. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, १९११ चा जन्म. तेही गणितात पदवी घेऊनच लंडनला गेले होते.

दुसरी चूक माझी स्वतःची, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. डेझर्टेशनसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रबंधासाठी, मिरजेतल्या एका हॉस्पिटलमधून २०० पेशंटांचा डेटा मिळाला होता. फाइल आली, मी थेट सॉफ्टवेअरमध्ये ओतली. रक्तातल्या साखरेची सरासरी निघाली २०१. मी खूश! ऊसपट्टा, गोड चहा, बदललेली जीवनशैली असं दोन पानं भरून लिहिलंसुद्धा. गाइडनी कागद बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे ९९९ वाले बारा जण एकाच दिवशी ॲडमिट झाले होते काय रे?"

रिपोर्ट नसेल तिथे फॉर्म भरणारा ९९९ लिहीत होता. ते बारा वगळले तर उरलेल्या १८८ जणांची सरासरी १५०. दोन पानं गेली केरात. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कुठला आकडा किती वेळा येतो ते खांबांनी दाखवणारा आलेख, काढला असता तर उजव्या टोकाला एकटाच उभा असलेला तो खांब मला दिसला असता. आता नवा डेटा आला की पहिला दिवस मी एकही संख्याशास्त्रीय टेस्ट लावत नाही. वीस मूळ फॉर्म हातात घेऊन वाचतो, फॉर्म भरणाऱ्या सिस्टरांना भेटतो, रिकाम्या जागी काय लिहिता ते विचारतो. उतावळ्यांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. वाटू दे.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची बटणं पाठ म्हणजे विषय आला, असं समजू नका. आर (R) हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिका.

पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल यायची शक्यता, ०.०५ च्या खाली येईपर्यंत टेस्ट बदलत बसू नका. कशातच काही नसताना वीस स्वतंत्र टेस्ट लावल्या, तरी निदान एक 'सिग्निफिकंट' (०.०५ च्या खालची) निघायची शक्यता ६४ टक्के असते.

कॉलेजचं नाव बघून फॉर्म भरू नका, अभ्यासक्रम वाचा. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्सच्या जोडीला डेमोग्राफी, म्हणजे लोकसंख्याशास्त्र, आहे. ती नको असेल तर तिथे जाऊन कुरकुर कशाला?

आणि फॉलोअपला न आलेले पेशंट सरसकट काढून टाकायचे, हा शॉर्टकट मला सगळ्यात जास्त खुपतो. आपल्याकडे साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोड कामगार बीडकडे परततात. तो माणूस मेला नाही, बरा झाला असंही नाही, फक्त गावी गेला. पण चार महिने त्याचं काही बिघडलं नव्हतं, ही माहिती तर आहे ना? तेवढी तरी वापरा. कॅपलान आणि मायर यांनी १९५८ साली मांडलेली पद्धत नेमकी यासाठीच आहे. मात्र तो आजार बळावल्यामुळेच निघून गेला असेल, तर तीही फसवते. म्हणून का गेला ते विचारायचं.

पण त्यासाठी शेवटच्या भेटीची तारीख लागते, आणि दहातल्या सहा पोरांच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नसतो. मी तो लाल पेनने आखूनच फॉर्म परत देतो.